उंबरठ्याबाहेर उभा असलेला तो: व्हँपायर-वेअरवुल्फच्या प्रेमकथा वाचणाऱ्यांचा धागा

रातवा:

मंडळी, भयकथांवर इथे भरभरून बोललं जातं. धारप-मतकरींचा विषय निघाला की प्रतिसादांची शंभरी सहज गाठली जाते. पण व्हँपायर, वेअरवुल्फ (लांडग्याचं रूप घेणारी माणसं), फे (परीलोकातले जीव), डेमन यांच्या प्रेमकथा वाचणारे विपुत, म्हणजे खाजगी विचारपूशीत, येऊन हळूच विचारतात, "अमुक मालिका वाचलीस का?" उघड धाग्यावर कुणी बोलत नाही. मला हा प्रकार मनापासून आवडतो, म्हणून हा धागा.

माझा मुद्दा एकच आहे. अलौकिक जीव कितीही देखणा, कितीही ताकदवान असो, त्याला नियम हवा. तो नियम मोडण्याची किंमत हवी. आणि त्या नियमाची किल्ली शक्यतो माणसाच्या हातात हवी. हे तीन जिथे जमतात तिथे पॅरानॉर्मल रोमान्स, म्हणजे अशा जीवांची प्रेमकथा, साध्या प्रेमकथेच्या फार पुढे जातो. जिथे जमत नाहीत तिथे उरतो फक्त पिळदार दंडांचा, जांभळ्या डोळ्यांचा एक श्रीमंत माणूस.

उंबरठ्याचाच नियम घ्या. 'ड्रॅक्युला'त (१८९७) पिशाच्चाच्या मागावर असलेला व्हॅन हेल्सिंग सांगतो की घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय पिशाच्चाला पहिल्यांदा आत शिरता येत नाही. एकदा बोलावलं की मग ते हवं तेव्हा येतं. त्याआधी पंचवीस वर्षं ल फॅन्यूच्या 'कार्मिला'त (१८७२) नायिका लॉराचे वडील स्वतःच पिशाच्च असलेल्या त्या गोड कार्मिलाला तीन महिने घरी ठेवून घेतात, कारण तिच्या आईला तातडीने पुढे जायचंय. म्हणजे दार आपणच उघडलंय. सगळी ताकद त्याच्याकडे किंवा तिच्याकडे, पण 'ये' हा शब्द आपला.

या नियमाचा सर्वात हलवून सोडणारा वापर मला सापडला तो स्वीडनच्या यॉन आयविदे लिंडक्विस्टच्या 'लेट द राइट वन इन'मध्ये (२००४). स्टॉकहोमचं ब्लॅकेबेर्ग हे उपनगर, बारा वर्षांचा ऑस्कर, शाळेत रोज मार खाणारा. शेजारी राहायला आलेली एली ही पिशाच्च आहे हे त्याला कळलंय. ती दारात उभी राहून म्हणते, मला आत ये म्हण. तो म्हणत नाही. नाही म्हटलं तर काय होतं ते त्याला बघायचंय. एली काही न बोलता आत येते आणि तिच्या अंगातून रक्त फुटायला लागतं. डोळ्यांतून, कानांतून, कातडीतून. ऑस्कर घाबरून ओरडतो, ये, तू येऊ शकतेस. हा प्रसंग मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्या क्षणी क्रूर कोण आहे? तो नियम माहीत असून शब्द अडवून धरणारा माणसाचा पोर. आणि तरीही एली आत आली, म्हणजे तिने त्याच्या हाती जीव दिला. हे साध्या, दोन माणसांच्या गोष्टीत असं दाखवता येणार नाही.

तुम्ही काय वाचताय, काय अर्धवट सोडलंत, लिहा.

शाल्मली:

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी यातली जुनी वाचक आहे आणि उंबरठ्याबद्दल एक भर घालते. शार्लेन हॅरिसच्या सुकी स्टॅकहाउसच्या मालिकेत (पहिलं पुस्तक 'डेड अंटिल डार्क', २००१) दिलेलं आमंत्रण परत घेता येतं. सुकी ही लुइझियानामधल्या छोट्या गावातली, बारमध्ये वेट्रेसचं काम करणारी मुलगी. पुढच्या एका भागात ती आपल्या घरात उभ्या असलेल्या दोघा व्हँपायरांना, त्यातला एक तिचा प्रियकर, सांगते की तुमचं आमंत्रण रद्द. आणि ते शेकडो वर्षं जगलेले, भिंती फोडू शकणारे पुरुष पाठमोरे ओढले जात दाराबाहेर जातात. वाचताना मी उठून उभी राहिले होते. बिचाऱ्या सुकीकडे पैसा नाही, शिक्षण नाही, पण आजीचं घर आहे आणि त्या घराचं दार तिचं आहे.

तिला व्हँपायर का आवडतो याचं कारणही किती मोलाचं आहे. तिला इतरांच्या मनातलं ऐकू येतं, सतत, नको असताना. कुठल्याही मुलाबरोबर बाहेर गेलं की तो मनात काय म्हणतोय ते कानावर आदळतं. व्हँपायरचं मन तेवढं ऐकू येत नाही. त्याच्याजवळ बसलं की शांत. आणि किंमत तिथेच आहे: तो खोटं बोलला तर तिला कळणारही नाही. आपण सगळ्या जणी जे रोज करतो, न ऐकू येणाऱ्या मनावर विश्वास ठेवणं, ते तिला आयुष्यात पहिल्यांदा करावं लागतं.

जुना वाचक:

दोन्ही प्रतिसाद वाचले. मांडणी चांगली आहे, पण मला हा प्रकार पटत नाही आणि तो का पटत नाही ते लिहितो.

आमची पिढी नारायण धारपांवर वाढली. 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर (१९७५) बेतलेली आहे हे पुढे कळलं, पण वाचताना गावावर उतरत जाणारी ती सावली आपल्याच गावावर उतरल्यासारखी वाटली. त्यात जे दाराशी येतं ते दुष्ट असतं. त्याच्याशी बोलायचं नसतं, त्याचं ऐकायचं नसतं. धारपांच्या समर्थ या नायकाच्या कथांमध्येही लढा असतो तो अमंगळाला बाहेर काढण्याचा. भीती ही माणसाला मिळालेली एक शहाणी गोष्ट आहे. पिशाच्चाला गोरंगोमटं करून कॉलेजात बसवलं की ती जाते. तुमच्या कादंबऱ्यांतून भयच गेलं असेल तर त्यांत काळोखं असं नक्की काय उरलं?

जाता जाता, सूर्यप्रकाशात पिशाच्च नष्ट होतं हे 'ड्रॅक्युला'त नाहीच. तिथे तो दिवसा फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. सूर्याने मरणं रूढ झालं ते मुर्नाऊच्या 'नॉस्फेराटू' (१९२२) या मूकपटापासून. तेव्हा हे नियम काही दगडावरची रेघ नाहीत. लेखक आपल्या सोयीने बदलतातच.

रातवा:

जुना वाचक, तुमचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. 'लुचाई' माझ्याही कपाटात आहे आणि कुणी मागितली तर मी देत नाही.

भीती गेली असं मला वाटत नाही. तिची जागा बदलली. अ‍ॅन राइसच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर'मधली (१९७६) क्लॉडिया आठवा. पाच वर्षांची मुलगी, मरायला टेकलेली, तिला दोन पुरुष व्हँपायर करतात. आता ती कधीच मरणार नाही आणि कधीच मोठीही होणार नाही. दशकं उलटतात. आत बाई वाढत जाते, बाहेर कुरळ्या केसांची बाहुली तशीच. ज्यांनी तिला वाचवलं त्यांच्यावर तिचं प्रेम आहे आणि तिला त्यांचा सूडही घ्यायचाय. राइसची स्वतःची मुलगी १९७२ मध्ये ल्युकेमियाने गेली, सहा वर्षांचीही नव्हती. पुढच्या वर्षी तिने ही कादंबरी लिहिली. हे माहीत झाल्यावर क्लॉडियाची पानं वाचताना मला भीती वाटते ती दाराबाहेरच्या कशाची नाही. आपल्या माणसाला जाऊ द्यायचं नाही म्हणून आपण काय काय करू, याची वाटते. धारपांचं भय मला तितकंच प्रिय आहे. हे वेगळं भय आहे.

नियम लेखक बदलतात हे खरंच. बदलू देत. फक्त जो केला तो शेवटपर्यंत पाळावा, तीनशेव्या पानावर अडचण आली म्हणून नवी शक्ती काढू नये.

दर्यावर्दी:

मी मुद्दाम या धाग्यावर आलो कारण "हे आपल्याकडचं नाही" असा सूर निघेल असं वाटलं होतं. निघायच्या आधीच लिहितो.

उर्वशी-पुरूरवा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ९५ वं सूक्त. ती अप्सरा, तो माणूस, आणि ती त्याला सोडून निघालीय. शतपथ ब्राह्मणात त्यांची पूर्ण गोष्ट आहे: तिने राहायच्या आधी अटी घातल्या, त्यातली एक म्हणजे तू मला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्वांना ती परत हवी होती. त्यांनी रात्री तिची पलंगाला बांधलेली कोकरं पळवली. ती ओरडली, इथे कुणी पुरुष नाही का? तो तसाच उठून धावला आणि गंधर्वांनी वीज चमकवली. संपलं. सूक्तात तो मरणाची भाषा करतो तेव्हा ती त्याला म्हणते, मरू नकोस, बायकांशी कसलं सख्य, त्यांची काळजं सालावृकांची असतात. लांडग्याच्या जातीची! रातवा, तुझ्या तीनपैकी दोन निकष इथे बसतात. अट आहे, मोडायची किंमत आहे. फक्त किल्ली तिच्याकडे आहे, माणसाकडे नाही.

हिडिंबाही तशीच. भाऊ तिला माणसं मारून आणायला पाठवतो, ती झोपलेल्यांवर पहारा करणाऱ्या भीमाला बघते आणि बेत बदलते. मग करार होतो: दिवसा भीम तिच्याबरोबर, रात्री परत भावांकडे, मुलगा होईपर्यंत. मनालीला हिडिंबेचं देऊळ आहे, १५५३ चं. राक्षसीची देवी झाली.

आता घरचं. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा आहे, आमच्या घराण्याचं येणंजाणं आहे तिथे. त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठाल्या वहाणा अर्पण करतात. गावाची राखण करत तो रात्री फिरतो, वहाणा झिजतात, म्हणून नव्या. देवळात तळ झिजलेल्या त्या वहाणा पाहिल्या की अंगावर काटाही येतो आणि आधारही वाटतो. भुताखेतांचा राजा, आणि लोक त्याला पायताणं करून देतात. जुना वाचक, तुम्ही म्हणता त्याच्याशी बोलायचं नसतं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. राखणदाराला, देवचाराला वाटा काढून ठेवतात. बोलणं पूर्वीपासून चालूच आहे. अशा राखणदाराच्या प्रेमात पडलेल्या मुलीची गोष्ट मालवणीत कुणी ताकदीने लिहिली तर मी पहिला गिऱ्हाईक.

स्नेहल_सिॲटल:

दर्यावर्दी, त्या शेवटच्या वाक्यावर मला थोडं बोलायचंय, कारण मी राहते तिथून फोर्क्स चारेक तासांवर आहे.

'ट्वायलाइट' (२००५) ही व्हँपायरची प्रेमकथा तिथे घडते. गावात अजूनही चाहते येतात, पाऊस झेलत फोटो काढतात. मला पुस्तक तेव्हा खूप आवडलं होतं. पण त्यातले लांडगे हे क्विल्यूट लोक आहेत, आणि क्विल्यूट ही खरी, आज नांदती जमात आहे. ला पुश हे त्यांचं गाव समुद्राच्या काठाला अक्षरशः चिकटून आहे. आपण लांडग्यांपासून झालो अशी त्यांची उत्पत्तीकथा खरोखर आहे: घडवणाऱ्या क्वातीने लांडग्यांची माणसं केली. पण थंड रक्तपिशाच्चांशी असलेलं वैर आणि पहिल्या नजरेत जन्माचं बांधलं जाणं त्यांचं नाही, ते कादंबरीत घातलेलं आहे. सिॲटलच्या बर्क संग्रहालयाने जमातीबरोबर बसून खरं काय आणि रचलेलं काय ते मांडलं. जगभर त्यांच्या नावाने टीशर्ट आणि दागिने खपत होते तेव्हा त्यांची शाळा त्सुनामीच्या टापूत होती. २०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या कायद्याने त्यांना उंचावरची जमीन मिळाली, तेव्हा कुठे गाव हलवायची वाट मोकळी झाली.

म्हणून राखणदारावर लिहिणारा निघाला तर त्याने गावच्या लोकांत बसून लिहावं. गाऱ्हाण्याचे शब्द कुणाचे आहेत हे त्याला माहीत असावं. माझी एवढीच कळकळ आहे.

दर्यावर्दी:

स्नेहलताई, शंभर टक्के. आमच्या गावात परक्याने येऊन देवचाराचा सिनेमा केला तर काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसतं.

आईपण:

मी यातलं काही वाचलेलं नाही. मुलगी दहावीत आहे, रात्री फोनवर हेच वाचते. परवा तिने एका पुस्तकाबद्दल सांगितलं: नायक नायिकेला पळवून नेतो, कोंडून ठेवतो, आणि मग ती त्याच्या प्रेमात पडते. मी ओरडले नाही, पण झोप उडाली. बंदी घालायची माझी इच्छा नाही. तुम्ही वाचणाऱ्या आहात, खरं सांगा, काय करू?

शाल्मली:

ताई, ओरडला नाहीत हे फार छान केलंत. ती तुम्हाला सांगतेय, हे टिकवा.

आधी व्यवहाराचं. हल्ली 'डार्क रोमान्स' नावाने जे मिळतं त्यातलं बरंच प्रौढांसाठी आहे. त्यात बहुतेकदा पहिल्या पानांत लेखिकेने इशारा दिलेला असतो: अपहरण, जबरदस्ती, स्वतःला इजा, जे असेल ते. वाचायच्या आधी ते पान दोघींनी मिळून बघायचं, एवढा एक रिवाज ठेवा. मुखपृष्ठावरून काही कळत नाही. सारा जे. मासची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' (२०१५) आधी किशोरांच्या कपाटात होती, नंतर प्रौढांच्या कपाटात गेली. त्यात शरीरसंबंधांची वर्णनं बरीच आहेत.

पॅट्रिशिया ब्रिग्जची मर्सी थॉम्पसन ('मून कॉल्ड', २००६) मुलगी थोडी मोठी झाली की द्या. गॅरेज चालवणारी, फोक्सवॅगन दुरुस्त करणारी, कायोटीचं (कोल्ह्यासारख्या प्राण्याचं) रूप घेणारी बाई. तिसऱ्या भागात बलात्कार आहे हे आधीच सांगते. पण लेखिका तो प्रसंग वापरून पुढे निघून जात नाही. पुढच्या भागात मर्सीला धाप लागते, दरदरून घाम फुटतो, आणि तिचा प्रियकर, जो लांडग्यांच्या कळपाचा प्रमुख आहे, तिच्या वेगाने चालायला शिकतो. ज्याचं म्हणणं अख्खा कळप ऐकतो तो थांबतो. हे वाचलेली मुलगी कोंडून ठेवणाऱ्या नायकाकडे वेगळ्या नजरेने बघेल.

रातवा:

आईपण, शाल्मलीने सांगितलं ते सगळं बरोबर. मी त्यात आणखी खोल जाते, कारण तुमचा प्रश्न हा या साहित्यप्रकाराचा मधला प्रश्न आहे.

'ट्वायलाइट'मध्ये व्हँपायर एडवर्ड नायिका बेलाच्या खोलीत रात्री येऊन ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो. तिला ठाऊक नसतं. उंबरठ्याचा नियम या मालिकेत नाहीच. नियम काढून टाकला की काय होतं ते तिथे उघड दिसतं: दार राहतं, पण ते कुणाचंच नसतं. कादंबरी हे प्रेम म्हणून सांगते. मला ते तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. स्नेहलने सांगितलेलं जन्माचं बांधलं जाणंही तसंच. शेवटच्या भागात ते एका तान्ह्या मुलीच्या बाबतीत घडतं, आणि ती मोठी झाल्यावर नाही म्हणू शकेल का, हा प्रश्न कादंबरी पुसून टाकते. 'नियतीने ठरवलेला जोडीदार' हा या प्रकारातला सर्वात लाडका आणि सर्वात धोक्याचा साचा आहे.

नलिनी सिंग तोच साचा घेऊन काय करते बघा. जन्म फिजीचा, वाढली न्यूझीलंडमध्ये, भारतीय वंशाची लेखिका. 'स्लेव्ह टू सेन्सेशन' (२००६) मध्ये साय नावाची एक जमात आहे, मनाच्या शक्ती असलेली. त्यांनी हिंसा थांबवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भावनाच मारून टाकल्या आहेत. प्रत्येक साय मन जन्मापासून एका अदृश्य जाळ्याला जोडलेलं असतं. जाळ्यातून तुटलं की मरण. साशा आतून भावनांनी भरलेली आहे आणि ते लपवत जगतेय, कारण पकडली गेली तर मन पुसून टाकतील. तिच्या समोर येतो बिबट्याचं रूप घेणारा लूकस. तो कितीही बलवान असला तरी तिला उचलून नेऊ शकत नाही. नेलं तर ती मरेल. निर्णय तिलाच घ्यावा लागतो, आणि तो घेताना ती खरोखर मरणाच्या कडेवर उभी असते. नियतीचा जोडीदार इथेही आहे, पण पाऊल तिचं आहे. तुमच्या मुलीला एवढंच विचारा: या पुस्तकात नायिकेने नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? ती उत्तर शोधायला पुन्हा पुस्तक उघडेल.

आणि हा प्रश्न ज्या लेखिकेने कुणालाही न सोडता विचारला ती ऑक्टेव्हिया बटलर. 'फ्लेजलिंग' (२००५), तिची शेवटची कादंबरी. शोरी ही काळ्या वर्णाची इना आहे, म्हणजे तिथली व्हँपायर जमात. तिच्या त्वचेमुळे तिला दिवसा जागं राहता येतं आणि म्हणूनच तिच्याच जमातीतले काही जण तिला मारायला उठतात. ती ज्यांचं रक्त घेते त्यांना चावा सुखद वाटतो, ते निरोगी होतात, दीर्घायुषी होतात, आणि तिच्याशिवाय जगू शकत नाहीत. मग त्यांचं 'हो' हे कितपत त्यांचं? शोरीला स्वतःलाही हे टोचतं. ती एकाला वेळ असताना सांगते की आताच जा, पुढे जाता येणार नाही. शिवाय ती दिसायला लहान मुलगी आहे आणि वय पन्नाशीपुढचं, त्यामुळे वाचकाला एकही पान आरामात वाचता येत नाही. ही दहावीच्या मुलीसाठी नाही. ताई, तुम्ही वाचा.

आईपण:

'फ्लेजलिंग' मागवते. मुलीला तो प्रश्न आज विचारला. ती म्हणाली, "नाही म्हणायची सोयच नव्हती गं." आणि मग आपणहून म्हणाली की पुढचा भाग वाचावासा वाटत नाहीये. मर्सीचं नाव लिहून घेतलंय तिने.

जुना वाचक:

चर्चा वाचून एक तरी वाचायचं ठरवलं आहे. मला गळ्यात गळे नकोत. भय हवं, जग नीट रचलेलं हवं. प्रेम असेल तर चालेल, पण त्याने वाट पाहावी. काय घेऊ?

रातवा:

तुमच्यासाठी इलोना अँड्र्यूज. हे नवरा-बायकोचं मिळून टोपणनाव आहे. 'मॅजिक बाइट्स' (२००७) पासून सुरुवात करा. याला पॅरानॉर्मल रोमान्सपेक्षा अर्बन फँटसी म्हणतात: प्रत्येक भागात नवी जोडी येण्याऐवजी एकच नायिका अनेक भाग चालते, आणि प्रेम तिच्या बाकीच्या आयुष्याबरोबर वाढतं. जागा अटलांटा. तिथे जादू लाटेसारखी येते आणि जाते. आली की दिवे जातात, गाड्या बंद, फोन बंद, बंदुकीचा बार उडत नाही. गेली की यंत्रं पुन्हा चालू. उंच इमारती जादूने कुरतडून ढासळल्यात. हा नियम लेखकद्वय एकदाही विसरत नाही. लढाईच्या मधोमध लाट ओसरली तर दोन्ही बाजूंना हातातलं हत्यार बदलावं लागतं.

व्हँपायर तुम्हाला हवे तसेच आहेत. केस झडलेली, बुद्धी नसलेली, चार पायांवर धावणारी प्रेतं, आणि त्यांच्या डोक्यात बसून त्यांना दुरून चालवणारी माणसं. प्रेमात पडण्याजोगं त्यांच्यात काही नाही. नायिका केट आणि सिंहाचं रूप घेणारा करन यांचं जुळायला चौथा भाग उजाडतो. आणि तिसऱ्या भागात आपले राक्षस येतात. वाचून झालं की दर्यावर्दींना आणि मला सांगा ते कितपत जमलेत, मला त्यांचं कातडं पांघरून माणसांत मिसळणं फार आवडलं होतं.

जुना वाचक:

पहिला भाग किंडलवर घेतला. चौथ्यापर्यंत थांबायची तयारी आहे.

दर्यावर्दी:

तिसऱ्यावर आलात की इथेच लिहा, मी तोवर पुन्हा वाचून ठेवतो. राक्षसांची मायावी रूपं त्यांनी महाभारताच्या किती जवळ ठेवलीत यावर मला सविस्तर लिहायचंच आहे.